नव्या हाताचा दर

मुलगी : एक सही तर हवी आहे, काका. पेन मी बाबांच्या हातात देते, ते करतात. तुम्ही शिक्का मारा, आम्ही निघतो.

काका : सही ते करतीलच गं. कशावरही करतील.

मुलगी : काल दूधवाल्याच्या पावतीवर केली. मग इथे काय अडलं?

काका : अडलं ते कागदावरच लिहिलंय. तू शाळेत शिकवतेस ना? वाच बघू मोठ्यानं.

मुलगी : 'ही पटकथा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मी एकट्याने लिहिली आहे.' बरं. पुढे?

काका : पुढे काही नाही, तेवढंच आहे. एकतीस वर्षं लेखक संघटनेच्या या टेबलामागे बसून शिक्के मारतोय मी. खोट्या कागदावर कधीच मारला नसेल अशी शपथ घेणार नाही. पण तेव्हा तो खोटा आहे हे मला माहीत नव्हतं.

मास्तर : या खोलीत एक पंखा होता.

काका : अजून आहे, मास्तर. तुमच्या डोक्यावरच आहे. आवाज फार करतो म्हणून बंद ठेवलाय.

मास्तर : मग तक्रार लिहून द्या. तोंडी तक्रारीला या कार्यालयात कोणी विचारत नाही.

काका : हा नियमही त्यांचाच बरं का.

मुलगी : काका, हळू बोला. यात खोटं काय आहे ते तरी सांगा.

काका : साठावं पान.

मुलगी : काय झालं साठाव्या पानाला?

काका : मला पानं मोजायचा पगार मिळतो, वाचायचा नाही. पण मास्तरांची स्क्रिप्ट आली की मी घरी नेऊन वाचतो. आजवरच्या सगळ्या वाचल्यात. त्यांच्या सीनमध्ये शेवटचं वाक्य बाईला कधी मिळत नाही. ती बोलते, भांडते, रडते, पण सीन बंद करायचा तो पुरुषानं. इतक्या वर्षांत एकदा चुकले नाहीत. आणि या स्क्रिप्टमध्ये साठाव्या पानानंतर दर सीनला शेवटचं बाईच बोलते.

मुलगी : म्हातारपणी माणूस बदलतो.

काका : इतका? एका पानात?

मुलगी : अक्षर बघा ना. पहिल्यापासून एकच आहे.

काका : तुझं आहे. वीस वर्षं मास्तरांची पक्की प्रत तुझ्याच अक्षरात येते. म्हणून तर सिनेमा काढणाऱ्या कंपनीला पत्ता लागला नाही. मलाही लागला नसता, मी पानंच मोजत बसलो असतो तर.

मुलगी : मी नुसती उतरवून काढते. ते सांगतात, मी लिहिते.

काका : साठ पानांपर्यंत ना? आणि नंतर?

मुलगी : नंतरही सांगायचे. सुरुवातीला सांगायचे. मग एके दिवशी म्हणाले, हा लिफ्टमन कोण? मी म्हटलं, बाबा, तुमचाच आहे, मोठ्या इमारतीतला, तीस वर्षं लिफ्ट चालवतोय, आता बटणांची लिफ्ट येणार म्हणून त्याला काढून टाकतायत. ते म्हणाले, बिचारा. आणि कुशीवर वळून झोपले. मी पेन उघडून तशीच बसले होते.

काका : कधीची गोष्ट?

मुलगी : दोन वर्षं झाली. वाटलं, उद्या आठवेल. मग वाटलं, पुढच्या आठवड्यात. कंपनीचे फोन यायला लागले. मी सांगायची, मास्तर लिहितायत, जरा वेळ लागतोय. आणि मग... शाळेतून आले की लिहायला बसायची. त्यांना जे सुचलं असतं तेच लिहायचा प्रयत्न केला, खरंच. त्यांच्यासारखंच.

काका : जमलं नाही तुला.

मुलगी : इतकं वाईट झालंय?

काका : मी तसं म्हटलं नाही. त्यांच्यासारखं झालं नाही, एवढंच म्हटलं. डॉक्टर काय म्हणतात?

मुलगी : डॉक्टर म्हणतात, जुनं राहील, नवं जाईल. पण जुनंसुद्धा कुठलं राहील ते आपण ठरवायचं नसतं. आईचं नाव गेलं. घराचा जिना गेला. त्यांच्या आठवणीत मी येते आणि जाते. सकाळी असते, दुपारनंतर 'बाई' होते.

मास्तर : बाई, चहा मागवलाय का तुम्ही?

काका : आलाच, मास्तर. बिस्किटंही आहेत. घ्या.

मुलगी : काका, पाया पडते. शुक्रवारपर्यंत हा कागद गेला नाही तर कंपनी दुसऱ्या लेखकाला बसवणार आहे. अकरा वर्षांनी त्यांचा सिनेमा येतोय. शेवटचाच असेल. पडद्यावर एकट्यांचं नाव यावं, एवढंच मागतेय मी. त्यांचं डोकं गेलं हे जगाला कळायला नको. लोक येऊन कीव करतील. मला नाही बघवणार.

काका : आणि खरं सांगितलं तर काय होईल, हे माहीत आहे तुला?

मुलगी : कंपनी म्हणेल, साठ पानांचे पैसे घ्या आणि घरी बसा. नाव जाईल.

काका : म्हणजे माहीत नाही. मास्तरांची मुलगी तू, आणि किमान दराचं पत्रक कधी उघडून बघितलं नाहीस?

मुलगी : मला कशाला लागणार होतं? मी लेखक नाही.

काका : हं. मग ऐक. किमान दर म्हणजे ज्याच्या खाली कोणी कोणाला लिहायला बसवायचं नाही. वर कितीही द्या, कोणी हात धरत नाही. कथेचा वेगळा, पटकथेचा वेगळा, संवादांचा वेगळा. आणि ते पैसे एकदम मिळत नाहीत, टप्प्याटप्प्यानं...

मास्तर : असं नाही सांगायचं.

काका : काय, मास्तर?

मास्तर : असं सांगितलं तर नवा माणूस घाबरतो. बिस्किटं आणा इकडे. मोजा, बाई.

मुलगी : दहा आहेत, बाबा.

मास्तर : दहा. हे समजा एका पटकथेचं किमान. करारावर सही झाली, की दोन. अजून एक ओळ लिहिली नाही, तरी दोन. का? कारण लेखकानं होकार दिला की त्या दिवसापासून तो दुसऱ्याचं काम घेत नाही. पहिला ड्राफ्ट हातात दिला, की तीन. दुसरा दिला, की तीन. शेवटचा दिला, की दोन. झाले दहा? हे निर्मात्यानं उचलायचं नाही, दिग्दर्शकानं उचलायचं नाही. सिनेमा पडला तरी नाही.

मुलगी : काका, हे सगळं...

काका : शब्दन् शब्द बरोबर आहे. याच टेबलावर बिस्किटं मांडून शिकवायचे नव्या पोरांना. पत्रक छापून यायच्या आधी पाच वर्षं. म्हणून तर मास्तर म्हणतात.

मुलगी : परवा मला विचारत होते, नळ कसा बंद करतात.

मास्तर : आणि हा खाली पडलाय तो चुरा. याला पॉलिश म्हणतात. दुसऱ्यानं लिहिलेल्यावर वरवर हात फिरवायचा. निर्माते फार हुशार असतात. पूर्ण पटकथा लिहून घेतात आणि करारात लिहितात पॉलिश. चुऱ्यावर सही करायची नाही, बाई.

मुलगी : नाही करणार.

मास्तर : तुमची पहिलीच पटकथा आहे का?

मुलगी : मी... मी लेखक नाही.

काका : मास्तर, एक भानगड आहे. तुमचं मत हवंय. एक म्हातारा लेखक आहे, नावाजलेला. त्यानं निम्मी पटकथा लिहिली, कंपनीनं ती मंजूर केली. मग त्याला पुढचं लिहिणं जमेना.

मुलगी : काका, नको.

काका : उरलेली निम्मी एका बाईनं लिहिली. ती त्याची पक्की प्रत काढायची. आता म्हणते, माझं नाव नको, सगळं त्याच्याच नावावर जाऊ दे.

मास्तर : सातवं कलम. उतरवून काढणारा लेखक नव्हे. ज्याला सुचलं तो लेखक, मग तो कोणीही असो. त्या बाईला किती दिले म्हाताऱ्यानं?

काका : काही नाही.

मास्तर : काही नाही? तो माणूस लेखक आहे की सावकार? नाव सांगा त्याचं.

मुलगी : त्यांना माहीतच नाही, हो. त्यांचा काही दोष नाही.

मास्तर : दोष कोणाचाच नसतो. मी चाळीस वर्षं ऐकतोय. नाव सांगा.

मुलगी : नाही सांगणार. फार चांगले आहेत ते.

मास्तर : चांगले असतातच सगळे. चांगल्या माणसांनीच तर फुकट लिहून घेतलंय आजवर. वाईट माणसासाठी कोण कशाला फुकट लिहील?

काका : बरं मास्तर, नाव राहू दे. म्हाताऱ्याचं काय होईल ते सांगा. कंपनी त्याला काढू शकते?

मास्तर : त्याची निम्मी मंजूर झालीय म्हणता ना? मग त्याचं नाव हलत नाही. नववं कलम. आजारी पडला तरी नाही, मेला तरी नाही. त्याचं निम्मं त्याच्याकडे. ही पाच त्याची. झालं. त्याला कोणी हात लावायचा नाही.

काका : ऐकलंस? नाव जात नाही. तू ज्याला भीत होतीस ते होतच नाही.

मुलगी : ऐकलं.

काका : मग आता कशाला भितेस?

मुलगी : कारण... एकोणीस वर्षांची असताना मी एक गोष्ट लिहिली होती, काका. त्यांच्या टेबलावर ठेवली आणि दिवसभर स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. संध्याकाळी त्यांनी हाक मारली. गोष्ट परत दिली आणि म्हणाले, तुझं अक्षर छान आहे. दुसऱ्या दिवसापासून मी पक्की प्रत काढायला लागले. चिडून नाही, कौतुकच वाटलं होतं मला. अक्षराचं का होईना, कौतुक होतं.

काका : कधी बोलली नाहीस.

मुलगी : काय बोलणार? आता ते समजा बरे असते आणि त्यांना कळलं असतं की मी त्यांच्या पटकथेत माझं घुसडलंय, तर? त्यांनी पानं परत दिली असती. अक्षर छान आहे म्हणून. म्हणून म्हणतेय, त्यांचंच नाव असू दे. मग कोणी परत देणार नाही.

मास्तर : बाई रडतायत. काय म्हणालात तुम्ही त्यांना?

काका : मी काही नाही, मास्तर. आता शेवटचं. त्या बाईचा दर ठरवायचा राहिलाय. तिनं लिहिलेलं पान माझ्याकडे आहे.

मुलगी : नाही, काका. दुसरं काहीही करा. हे नको.

मास्तर : दर ठरवायचा तर वाचावं लागतं. वाचल्याशिवाय मी कधी कशाला दर लावलेला नाही. वाचा तुम्ही, माझा चष्मा कुठेतरी गेलाय.

मुलगी : गळ्यात आहे, बाबा.

काका : असू दे, मी वाचतो. शेवटचा सीन. लिफ्टमनचा नोकरीतला शेवटचा दिवस. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरची बाई लिफ्टमध्ये शिरते. वीस वर्षं रोज त्याच्याबरोबर वर गेलीय, कधी एक शब्द बोललेली नाही. तो न विचारता तिसऱ्यासाठी दांडा फिरवायला जातो. बाई म्हणते, 'आज चौथ्यावर.' तो म्हणतो, 'चौथ्यावर कोणी राहत नाही, बाई. रिकामा आहे.' ती म्हणते, 'माहीत आहे. तेवढाच एक मजला जास्त.' लिफ्टचं दार बंद होतं.

मास्तर : पुढे?

काका : पुढे काही नाही. संपलं.

मास्तर : द्या ते पान इकडे.

(मास्तर गळ्यातला चष्मा चाचपून डोळ्यांवर चढवतात. पान दोनदा वाचतात. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करतंय, ती सुरू होत नाही.)

काका : मास्तर?

मास्तर : हे मी लिहिलेलं नाही.

काका : कशावरून?

मास्तर : मी तिला तिसऱ्यावरच उतरवलं असतं. लिफ्टमननं मागून काहीतरी छान म्हटलं असतं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. तिला चौथ्यावर न्यायची माझी छाती झाली नसती.

मुलगी : वाईट झालंय का?

मास्तर : बाई, नवा माणूस असता तर दार बंद झाल्यावर दोन ओळी रडला असता. इथे कोणी रडलेलं नाही. नव्या हाताचं किमान किती, सांगा हो जरा.

काका : जुन्याला दहा तर नव्याला सहा. निम्म्या कामाची तीन.

मास्तर : तीन नाही. पाच द्या. हा नवा हात नाही. हा हात पुष्कळ वर्षं लिहितोय, कोणी विचारलं नसेल एवढंच. घ्या बाई, ही पाच तुमची. उचला.

मुलगी : सगळी पाच?

मास्तर : उचला की. लाजायचं नाही. लेखक पैशाला लाजतो आणि मग जन्मभर चुऱ्यावर राहतो.

मुलगी : उचलली.

काका : मास्तर, पाच लिहायची तर समितीचं मत लागतं. तुम्ही अजून समितीवर आहात. तुम्हाला काढायचा ठराव मांडायची कोणाची हिंमत झाली नाही.

मास्तर : मग लिहून घ्या. पण आधी नियमाप्रमाणे एक नोंद करा. नात्यातल्या माणसाच्या कामावर मत देता येत नाही, म्हणून मी जाहीर करतो, की या बाईंशी माझं काहीही नातं नाही. त्यांची माझी आजच भेट होते आहे.

काका : आजच भेट?

मास्तर : लिहिलंत?

काका : मास्तर, हे... हे मी नाही लिहू शकत.

मास्तर : का? शाई संपली?

मुलगी : राहू दे, काका. तीन लिहा.

काका : अगं, पण ते म्हणाले ना पाच. मी ऐकलंय.

मुलगी : मीही ऐकलंय. कागदावर तीनच लिहा. नव्या हाताचं किमान असेल तेवढं. वीस वर्षं वाट बघत होते, काका, की एकदा तरी म्हणतील. आणि म्हणाले ते कोणा परक्या बाईला. मी तिच्या जागी बसून ऐकून घेतलं.

काका : तू हसतेस की रडतेस गं?

मुलगी : मला तरी कुठे कळतंय? तो एकट्याने लिहिल्याचा कागद फाडा. दोन नावांचा फॉर्म द्या. वरच्या रकान्यात बाबांचं मी लिहिते.

काका : आणि खालच्या?

मुलगी : खालच्याही लिहिते. द्या.

काका : सावकाश लिही. खाडाखोड झाली तर नवा फॉर्म, आणि नव्या फॉर्मला पुन्हा अर्ज.

मास्तर : हाही नियम माझाच असणार.

काका : तुमचाच. तेवढा एक चुकलाच तुमचा.

मास्तर : झालं का लिहून, बाई? बघू. वा. अक्षर छान आहे तुमचं.

मुलगी : हो. पूर्वीही कोणीतरी म्हणालं होतं.

मास्तर : आडनाव आमचंच दिसतंय.

मुलगी : हो. तेच आहे.

मास्तर : मग जरा सांभाळून असा. या आडनावाशी लोक फार घासाघीस करतात. समोरून गोड बोलतात, घरचं काम समजून करा म्हणतात. ऐकायचं नाही. किमानच्या खाली उतरायचं नाही.

मुलगी : नाही उतरणार. पाय पुढे करा, बाबा, बुटाची नाडी सुटलीय तुमची. जिना उतरायचाय.